आपण कोणता अवयव होतो?

मी गाव सोडलं त्या सकाळी पाटलांच्या घरी मयत झाली होती. हलगी वाजवायला माझ्या वडलांना, आबांना, बोलवायला माणूस आला. आबा माझी पिशवी खांद्याला लावून दारात उभे. म्हणाले, "हलगी आता खुंटीलाच राहील. मला पोराला एसटीत बसवायचंय." आमच्या घरात असं आजवर कुणी बोललं नव्हतं. फाट्यापर्यंत पिशवी त्यांनीच वाहिली.

आता मी महाळुंग्याला, कंपन्यांच्या भागात राहतो. खोली एक, माणसं चार. फर्स्ट शिफ्टवाला उठला की नाइटवाला त्याच गादीवर आडवा होतो, गादी गार व्हायच्या आत. कंपनीत गाड्यांचे ब्रेक जोडता जोडता बीए झालो. घराण्यातला पहिला. हे मी छाती काढून सांगतो.

समाजशास्त्राच्या पहिल्याच पेपरात होतं, समाज शरीरासारखा असतो. प्रत्येक अवयव आपलं काम करतो म्हणून सगळं चालतं. मला लगेच पटलं. कंपनीत लाइनवर एका माणसाचं स्टेशन अडलं की मागचं-पुढचं सगळं अडतं, हे रोज बघतो. हौसेनं आबांना फोनवर समजावलं.

"मग आपण कोणता अवयव होतो रे?" आबांनी विचारलं.

मी पुस्तक परत उघडलं.

"आन् मी हलगी ठिवली, तर गाव मेलं का? पाटलाला पोचवलंच की."

पुस्तक म्हणतं, एका भागानं सोडलेलं काम दुसरा उचलतो. खरंय, गावात आता बँड येतो. पण आम्ही मयतीपुढं वाजवायचं आणि तेराव्याला सगळ्यांच्या शेवटी, उकिरड्याच्या कडेला बसून जेवायचं, हेही गाव नीट चालावं म्हणूनच होतं का? तसं असेल तर आबांनी बिघडवलं की सुधारलं?

आणि माझंही कळत नाही. रजा मागितली की लाइन लीडर म्हणतो, "भावा, तुझ्याशिवाय अडतंय राव." ऐकून बरं वाटतं. मग कळतं, माझ्या जागी लगेच दुसरा उभा केला. गावी तर माझ्यावाचून काहीच अडत नाही. मागच्या खेपेला घागर उचलायला गेलो, तर आईनं हात धरला, "ठेव ती. काम कराया आलास व्हय?"

इकडं आलेल्यांनो, तिकडं राहिलेल्यांनो, तुम्हीच सांगा. जिथं आपलं काही कामच उरलं नाही, तिथं आपली जागा कशी राहते? कॉलेजातले सर म्हणतील, काम नसताना जागा देणं हेसुद्धा कुटुंबाचं कार्यच. असेलही. मला एवढंच ठाऊक, त्या खेपेला दुपारी आबांनी माझ्यासाठी वाकळ अंथरली, आणि तिच्यावर माझ्यानंतर कुणाचा नंबर नव्हता.