कायमचा भावी

निवडणूक दिवाळीच्या आत होणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. माझ्या शब्दावर भावीनं चार बोकड कापले आणि तीन गावांना जेवण घातलं. निवडणूक झाली नाही. पुढं कित्येक दिवाळ्या झाल्या, निवडणूक काही झाली नाही.

सगळा दोष माझाच होता असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या शब्दावर बोकड कापावेत असा माणूस मी नव्हतो, हे मला ठाऊक होतं आणि भावीला नव्हतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. 'पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक घेणं बंधनकारक' हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं, की शेवटी शेवटी ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

भावीचं खरं नाव बाबुराव. आमच्या गावाबाहेर, उमापूरकडं जाणाऱ्या वाटेला धनगरवस्ती आहे, तिथं त्याची मेंढरं आणि त्याचा संसार. अंगानं उंच, खांद्यावर उन्हाळ्यातसुद्धा घोंगडं. पंचायत समितीला उभं राहायचं त्यानं ठरवलं, तेव्हा मीच त्याचा फ्लेक्स करून आणला: 'भावी पंचायत समिती सदस्य'. फोटोसाठी जाकीट माझं होतं. ते त्याला आवळ बसलं, म्हणून फोटोत तो श्वास रोखून उभा आहे. फ्लेक्स फाट्यावर लागला आणि बाबुराव हे नाव त्या दिवशी संपलं. चकलांब्याच्या बाजारात लोक लांबून हाळी द्यायचे, "काय बे भावी, कवा व्हतो बे सदस्य?"

तो न चिडता म्हणायचा, "तारीख पडू दे, होतो की."

पुढारी व्हायची हौस त्याला नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती: गावातला जनावरांचा दवाखाना उघडायला हवा होता. इमारत होती, पाटी होती, दाराला कुलूप होतं. डॉक्टर बदलून गेला तो गेला, त्याच्या जागी दुसरा आला नाही. मेंढरांना पावसाळ्याआधी लस टोचली नाही, तर पहिलं कोवळं गवत खाऊन ती पटापट मरतात. सकाळी चरायला नेलेलं जनावर दुपारी पाय झाडतं. "पंचायत समितीच्या सभेत हुबं राहून एकदाच इचारायचं हाय, गुर्जी," तो म्हणायचा. "कुलूप कावून निघत न्हाई, येवढंच. दुसरा सवाल माझ्याकडं न्हाईच."

पण जुन्या सदस्यांची मुदत संपली होती आणि नवे कुणी निवडून येत नव्हते. सभाच नव्हती. मग एकदा आम्ही तालुक्याला गेलो. भावीनं आजारी मेंढा घोंगड्यात गुंडाळून जीपमध्ये सोबत घेतला होता. कचेरीच्या दारात शिपायानं अडवलं, "ओ पाव्हणं, जनावर आत न्यायचं न्हाई."

"सभा असती तर मी एकटाच आलो असतो," भावी म्हणाला. "सभा न्हाई, म्हनून ह्यालाच आनलंय."

आतला साहेब तरुण होता आणि भला होता. त्यानं चहा सांगितला आणि समजावलं, की डॉक्टरच्या पदासाठी ठराव लागतो, ठराव सभागृह करतं, आणि सभागृह सध्या अस्तित्वात नाही.

"मग सभागृहाच्या जागी आता कोन हाय?"

"प्रशासक."

"ते कुठं बसत्यात?"

"मीच आहे तो."

"मग करा की ठराव."

"तसं होत नाही ना, बाबुराव. गटविकास अधिकारी म्हणून आधी मला प्रस्ताव मांडावा लागेल. मग प्रशासक म्हणून मला त्याच्यावर विचार करावा लागेल."

 भावीनं मेंढा उचलला आणि म्हणाला, "साहेब, मी भाईर थांबतो. तुमी दोगं बोलून घ्या."

बाहेर शिपायानं हसत हसत आम्हाला सभागृह उघडून दाखवलं. खुर्च्यांवर बोटभर धूळ. भावी मागच्या रांगेत जाऊन बसला, मेंढा मांडीवर. "हितं बसून इचारनार व्हतो," म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "गुर्जी, लोकं मत द्यायला तयार हायेत. घटनेत लिहिलेलं हाय म्हनता. मग आडवलंय कोनी?"

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्याला सगळं समजावलं. निवडणूक आयोग म्हणतो आम्ही तयार आहोत. सरकार म्हणतं गण, म्हणजे पंचायत समितीचे मतदारसंघ, कसे पाडायचे ते आम्ही ठरवणार. कोर्ट म्हणतं आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत थांबा. प्रत्येकाचं म्हणणं कायद्याला धरून आहे. बोलता बोलता मला फार छान वाटायला लागलं होतं. भावी म्हणाला, "आमच्या खांडाला चार राखने ठिवले की रोज एक मेंढरू जातंय. ज्याला इचारावं त्यो म्हनतो, माझी नजर तिकडं व्हती."

मेंढा परतीच्या वाटेवर जीपमध्येच गेला. जीपवाल्यानं त्याचंही भाडं घेतलं.

पुढच्या साली गणांच्या हद्दी नव्यानं आखल्या. भावीनं ज्या तीन गावांना जेवण घातलं होतं, त्यातली दोन शेजारच्या गणात गेली. तलवाड्याच्या जत्रेत त्यातलाच एक जण भेटला, भावीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मत काय आता देता येत न्हाई गड्या, पर मटन लई भारी झालतं!" भावीसुद्धा हसला. मी मात्र पेटलो. म्हटलं, हरकत घेऊ. घटनेनं निवडणुकीचे सगळे अधिकार आयोगाला दिलेत, मी स्वतः शिकवतो ना! चार पानी हरकत लिहिली, कलमांचे आकडे टाकले आणि थेट मुंबईला आयोगाकडं रजिस्टर पोस्टानं धाडली.

दरम्यान कायदा बदलला होता. गण पाडायचं काम आता सरकारनं स्वतःकडं घेतलं होतं आणि हरकती जिल्ह्याला कलेक्टर कचेरीत द्यायच्या होत्या. तशी नोटीस तहसीलच्या फळ्यावर लागली होती. त्या फळ्याखाली उभा राहून मी दोन वेळा चहा प्यालो होतो. आयोगाचं उत्तर आलं, की सदर विषय आमच्या अखत्यारीत नाही. तोवर जिल्ह्याला हरकत द्यायची मुदत संपली होती. मी उत्तर वाचून दाखवलं तेव्हा भावी मेंढरांच्या वाड्यावर होता. रागावला नाही. म्हणाला, "तुमी फळ्यावर लिहिलेलं त्यांनी पुसलं, गुर्जी. तुमी तिकडं पाठ करून हुबे व्हता."

तो वाड्याला छप्पर घालत होता. फाट्यावरचा फ्लेक्स उतरवून आणला होता आणि पावसानं कोकरं भिजू नयेत म्हणून उलटा करून बांबूवर ताणत होता. आत वाकून पाहिलं की कोकरांच्या डोक्यावर भावी दिसायचा, माझ्या जाकिटात, श्वास रोखलेला.

त्या पावसाळ्यात मेंढरं गेली. लस तालुक्याला फ्रिजमध्ये होती. टोचणारा डॉक्टर कितीतरी गावांचा एकटाच, तो आला तेव्हा वस्तीवर खड्डे खणून झाले होते. आमच्या गावच्या दवाखान्यासमोर भावी एक अख्खा दिवस बसून राहिला. कुलपाकडं बघत नव्हता, रस्त्याकडं बघत होता. संध्याकाळी मी त्याला उठवायला गेलो, तर म्हणाला, "सदस्य असतो तरी वाचली नसती कदाचित. पर इचारलं तरी असतं की."

उरलेली मेंढरं त्यानं व्यापाऱ्याला देऊन टाकली. बाजारात कुणी "कवा व्हतो बे?" म्हटलं की आता तो नुसता पुढं चालू लागायचा. मग लोकांनीही विचारणं सोडलं, आणि ते मला चिडवण्याहून वाईट वाटलं. गेल्या थंडीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. माणसांच्या दवाखान्यात. तिथं डॉक्टर होता.

दहाव्याला मी वस्तीवर गेलो. गजरावहिनी, त्याची बायको, रिकाम्या वाड्याच्या तोंडाशी बसली होती. छप्पर तसंच होतं.  माणसाला काही सुचत नसलं की त्यानं गप्प बसावं, हे मी कधी शिकलो नाही. सकाळीच पेपरात बातमी वाचली होती. म्हटलं, "वहिनी, आता निवडणूक नक्की लागणार बघा. या बारीला पक्कं आहे. आपण दवाखान्याचा विषय सोडायचा नाही. तुम्हीच उभ्या राहा. मी आहे."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"गुर्जी, तुमी निवडनूक सांगितली तवा बोकडं गेली. तुमी अर्ज लिवला तवा गावं गेली. मागनं मेंढरं गेली, आन आता ह्ये बी गेले. सांगा, काय सांगायचं त्ये खुशाल सांगा. आता तुमच्या शब्दावर जायला घरात काय राह्यलंच न्हाई."