प्रभू येणार म्हणून पडीक राहिलेलं वावर

त्या वर्षी माझा विश्वास प्रभूवरून नाही, पण प्रभूच्या माणसांवरून पार उडाला होता. चांदूर बाजारच्या बाजूला आमची बाप्तिस्मा घेतलेली चार घरं. समुद्रापार लढाई पेटलेली, कापसाला सोन्याचा भाव, जो तो कापूस पेरणारा आणि ज्वारी-गहू महाग. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ही सगळी शेवटच्या काळाची, म्हणजे प्रभू परत येण्याची चिन्हं ठरवली. गव्हाच्या पेरणीआधी ते म्हणाले, "प्रभू कापणीच्या आत येते. आता पेरून काय करता?" आमच्या ह्यांनी पेरणीची तिफण गोठ्यात टेकवली आणि प्रार्थनेला बसले.

मला राग आला. प्रभू यावा ही माझीही आस होतीच, पण लेकरांना उन्हाळ्यात काय घालू? जमिनीतली ओल रोज खाली चालली होती. आणखी चार दिवसांनी पेरलेलं उगवलं नसतं. गावात पेरणीला एकमेकांकडे जायची रीत, पण आम्ही बाटलेले, आमच्याकडे कोण येणार? शेवटी मीच बैल जुंपले. तिफणीला एक हाकणारा आणि मागे नरसाळ्यासारख्या चाड्यात दाणे सोडणारी बाई लागते. मी एकटी दोन्ही करू गेले. बैल हाकावेत तर दाणा पडेना, दाणा सोडावा तर बैल भलतीकडे. दुपारी वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसून रडले आणि देवाला चांगलंच सुनावलं, की तुझी वाट पाहायची तर पाहते, पण मला एक माणूस दे.

तेवढ्यात अमरावतीला कापूस नेणारी एक गाडी वाटेत थांबली. गाडीवान उतरला.

"बाई, बैल जुंपून उभे काहून हायेत?"

मी सगळं सांगितलं. बाप्तिस्म्याचंही लपवलं नाही. त्याने वावरात उतरून मातीची ओल चाचपली.

"तुमचा देव येनार हाय, त त्याले पडीक वावर दाखवता काय? चाला, धरतो मी."

त्याने गाडी सावलीत सोडली आणि दिवस मावळेपर्यंत तिफण हाकली. मधे त्याने पाणी मागितलं. बाप्तिस्मा झाल्यापासून गावात कोणी माझ्या हातचं पाणी प्यायलं नव्हतं. मी घागर पुढे करताना बिचकले. त्याने ओंजळ धरली आणि पोटभर प्यायला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आमचे हे धुऱ्यावर केव्हा येऊन उभे राहिले, कळलं नाही. गाडी गेल्यावर त्यांनी बैल सोडून गोठ्यात नेले. सकाळी मी उठले तर बैल जुंपलेले होते.

"प्रभू आला त बरंच हाय," ते म्हणाले. "तवरोक उरलेलं पेरून घेऊ."

कापणी झाली, प्रभू आला नव्हता. बाकीच्या तीन घरांत दाणा नव्हता, वडीलधाऱ्यांच्याही. आमच्या गव्हावर चारही घरांनी उन्हाळा काढला आणि प्रभुभोजनाला त्याचीच भाकर मोडली. वडीलधाऱ्यांनी ती खाली मान घालून घेतली. मी टोमणा मारणार होते, पण गिळला.

वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, एवढं मला पेरणीच्या त्या दिवशी उमगलं. पेरणं माझ्याकडे, येणं त्याच्याकडे. त्याची वेळ मी आता विचारत नाही. फक्त रोज प्रार्थनेत सांगून ठेवते, की प्रभू, येशील तेव्हा मला घरी शोधू नको, सरळ वावरात ये.