बाजार कुठल्या वारी?

टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या समोरच्या घरात मुलीकडे राहणारे एक काका आहेत. नवा माणूस भेटला की ते नोकरी, व्हिसा असलं काही विचारत नाहीत. विचारतात, "तुमच्या गावाला बाजार कुठल्या वारी?" मी "लोणंद, गुरुवारी" म्हणालो, तेव्हा त्यांनी खूश होऊन पाठीत अशी थाप मारली, की माझ्या हातातली कॉफी सांडली.

काकांची उमेदीची वर्षं इंग्लंडमधल्या एका छोट्या बाजाराच्या गावात गेली. त्या गावाच्या इतिहासाची जाडजूड चिकटवही ते काखेत घेऊनच हिंडतात. चौकातलं घड्याळ, मेंढ्यांचा लिलाव, चीजवाल्याचा तंबू. नात म्हणते, "आजोबा, आय हॅव सीन इट!" तरी काका पान उलटतातच. "मंगळवारी अख्खं गाव चौकात यायचं. बाजाराचा वार नाही ते गाव कसलं? नुसतं पार्किंग!"

या उन्हाळ्यात एका मंगळवारी त्यांनी ड्राइव्हवेवर टेबल मांडलं आणि परसातले दुधी, अळू घेऊन बसले. हळूहळू दर मंगळवारी शेजारीही आपापली भाजी आणायला लागले. मी कढीपत्ता फुकट वाटत होतो, तर काका तिकडून ओरडले, "अरे, घासाघीस करू दे की लोकांना! बाजार आहे, हळदीकुंकू नव्हे!"

काल त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. मेंढ्यांच्या लिलावाशेजारी माझा फोटो होता, कढीपत्त्यासकट.

मी म्हणालो, "काका, ही वही तर तुमच्या गावाची ना?"

"मग हे गाव कुणाचं आहे?" म्हणत त्यांनी फोटोच्या सुटलेल्या कोपऱ्याला डिंक लावला.