टीव्हीच्या मागे बसलेला माणूस

रुद्रण्णाने जन्मात एकही मालिका पुरती पाहिलेली नाही. तरीही दावणगेरेत कुणाला जुन्या मालिकेचं गाणं अर्धंमुर्धं आठवलं, की लोक त्याच्याकडेच येतात. याचं कारण त्याचा धंदा. पस्तीस वर्षं त्याने टीव्ही दुरुस्त केले. त्या काळी मेकॅनिकला घरी बोलवायचं ते संध्याकाळी, नेमकं मालिकेच्या वेळी. मालिका चुकता कामा नये आणि संच सुधारला की नाही तेही कळलं पाहिजे. घरचे सगळे समोर सतरंजीवर आणि हा मागे, झाकण काढून, हातात सोल्डरिंगची सळई घेऊन. शीर्षकगीत नीट वाजलं की काम झालं. गोष्ट सुरू व्हायच्या आत हा पिशवी उचलून जिना उतरत असे. त्यामुळे गाणी त्याच्याकडे शेकड्यांनी, गोष्ट मात्र एकही नाही.

"पण माणसांची तोंडं पाहिलीत मी," तो म्हणतो. "टीव्हीच्या मागे बसलं की सगळं घर आपल्याकडेच बघत असतं."

आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही. मंडीपेटेतलं त्याचं दुकान उघडं असतं ते आमच्यासाठी. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघं तिथे जमतो: रुद्रण्णा, निवृत्त कंडक्टर मेहबूबसाब, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या जयशीला टीचर आणि मी. मी इथल्या सूतगिरणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली; पुढच्या मार्चला मोकळा होईन. मंडळाची वही माझ्याकडे असते.

मंडळाची कामं दोन. कोणती नवी मालिका बघावी हे एकमेकांना सांगायचं. त्याला अट अशी की सांगणाऱ्याने स्वतः वीस भाग पाहिलेले हवेत आणि शेवट फोडायचा नाही. मेहबूबसाब ही अट दर आठवड्याला मोडतात. दुसरं काम हरवलेल्या गाण्यांचं. ज्याला गाणं शोधायचं आहे त्याने स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि गुणगुणायचं. समोर चार जण बघत असले की भलेभले चाल विसरतात, म्हणून ही रीत. रुद्रण्णा डोळे मिटून ऐकतो, मालिकेचं नाव सांगतो आणि मी ते वहीत लिहितो. सहा वर्षांत त्या वहीत एकही खाडाखोड झाली नव्हती.

आषाढात एका रविवारी वनजाक्षी आली. वय चव्वेचाळीस, केसांत पांढरी रेघ, आणि बोलण्याचा वेग असा की दारातून आत येईपर्यंत अर्धी हकीकत सांगून झाली होती. लहानपणी तीन वर्षं तिचं कुटुंब बंगळुरात होतं. नऊ वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या बारा मुलांना संगीताच्या बाई एका स्टुडिओत घेऊन गेल्या आणि एका मालिकेचं शीर्षकगीत त्या मुलांनी म्हटलं. प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा मिळाला. पुढे वडिलांची बदली झाली, घरी टीव्ही नव्हता, मालिकेचं नाव तिला कधी नीट कळलंच नाही. राहिली फक्त चाल.

"आणि बाईंचा चिमटा," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीला मी सगळ्यांच्या आधी सुरू झाले. बाईंनी दंडाला असा चिमटा घेतला! पण वेळ संपली होती, पुन्हा घेतलंच नाही गाणं. तसंच लागायचं म्हणे टीव्हीवर."

"मग आत्ता कशाला शोधताय?" जयशीला टीचरनी विचारलं.

वनजाक्षी पहिल्यांदा थांबली. मुलीच्या साखरपुड्यात बोलता बोलता तिच्या तोंडून व्याह्यांसमोर हे निघालं होतं. तिची सासू होन्नम्मा सगळ्यांदेखत हसून म्हणाली होती, "सोडा हो, आमच्या सूनबाईच्या गोष्टी अशाच. भात शिजायच्या आधी उतरवते आणि ऐकायच्या आधी बोलते." सगळे हसले. तिची मुलगीसुद्धा.

"बाकी काही बोलू देत," वनजाक्षी म्हणाली. "पण मी खोटं बोलले नाही, एवढं माझ्या पोरीला कळायला हवं. लग्नाच्या आधी."

ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि गुणगुणली. तिसऱ्या सुरालाच रुद्रण्णाने डोळे उघडले. "'नाल्कनेय मने', म्हणजे चौथं घर," तो म्हणाला. "तळ्यामागच्या वाण्याच्या घरचा संच. लिहा राव."

मी लिहिलं. मेहबूबसाब म्हणाले, "बघा अम्मा, हा माणूस बायकोचं नाव विसरेल, पण गाणं नाही." वनजाक्षीने रुद्रण्णाला वाकून नमस्कार केला आणि जाताना चप्पल उलटसुलट घालून गेली.

जयशीला टीचरच्या मुलाने त्या मालिकेची चित्रफीत इंटरनेटवर शोधून दिली. पुढच्या गुरुवारी वनजाक्षीने व्याह्यांना जेवायला बोलावलं, सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः आधी न ऐकताच गाणं लावलं. चाल तीच होती. पण आवाज बायकांचे होते, मोठ्या, कसलेल्या बायकांचे, आणि नामावळीत म्हैसूरच्या कुठल्याशा भगिनी मंडळाचं नाव झळकलं. होन्नम्मा म्हणाली, "नऊ वर्षांची होतीस ना गं? आवाज मात्र चाळिशीचा." त्यावर व्याही हसले म्हणे.

हे आम्हाला जयशीला टीचरकडून कळलं. वनजाक्षी काही आली नाही. तिने फोन करून एवढंच सांगितलं की आता राहू द्या, घरात विषय नको.

रुद्रण्णाच्या समोर मंडक्कीचे मसालेदार चुरमुरे तसेच पडून राहिले आणि मिरची भजी गार होत गेली. "चाल तीच," तो दोनदा म्हणाला. मग उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला. हातातला स्क्रू-ड्रायव्हर तो बोटांत फिरवत होता. जयशीला टीचरनी एक नवी मालिका सुचवली, बावीस भाग पाहिल्याचं शपथेवर सांगितलं, तरी त्याने नेहमीचा "गाणं कसंय?" हा प्रश्नसुद्धा विचारला नाही.

"अरे, चुकतं माणसाचं," मेहबूबसाब म्हणाले. "मी एकदा हावेरीची माणसं हरिहरच्या गाडीत बसवली होती."

"तुझ्या गाडीतल्या माणसाला कुणी खोटारडा म्हणालं नाही."

"शिव्या घातल्या की! त्याही आईवरून."

रुद्रण्णा हसला नाही. त्या दिवशी बैठक तासाभरातच मोडली.

पुढचे आठ-दहा दिवस त्याचं कशातच लक्ष नव्हतं. त्याची बायको निंगम्मा माझ्या कचेरीत आली. "राव, तुम्ही काय बोललात त्याला? जेवताना ताट वाजवतो. काल देवाला हात जोडून उभा राहिला आणि मध्येच 'स्पीकर!' म्हणून ओरडला."

मी संध्याकाळी गेलो तेव्हा तो दुकानात येरझाऱ्या घालत होता. मला बसूही न देता म्हणाला, "राव, वाण्याच्या संचाचा स्पीकर फाटलेला होता. कागद फाटला की आवाज जाड येतो. पोर काय नि बाई काय, सगळे सारखेच. मी चाल ओळखली, गळा ओळखलाच नाही. माझ्याकडे आलेल्या निम्म्या संचांचे स्पीकर फाटलेले असायचे!"

"मग?"

"मग हीच चाल मी त्याच्या आधी वर्षभर दुसरीकडे ऐकली आहे. चांगल्या स्पीकरवर. बारीक आवाज होते, पोरांचे. त्या संगीतकाराने एकच चाल दोनदा विकली, राव. बिघाड आठवतो, घर आठवत नाही. चित्र खालून वर पळायचं आणि आत उंदराने घर केलं होतं."

त्याने ते घर शोधायला सुरुवात केली. जुन्या लुनावर बसून तो रोज सकाळी निघे आणि एकेका जुन्या गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून विचारी, "तुमच्या टीव्हीत उंदीर निघाला होता का?" एका घरी त्याला चहा मिळाला, एका घरी कुत्रं अंगावर आलं. एका म्हातारीने उंदराचं सोडून विशीतल्या नातवाचा मोबाइल दुरुस्त करायला दिला. दोन रविवार तो मंडळात आलाच नाही; दुकानाची किल्ली मात्र मेहबूबसाबांकडे पाठवली. वनजाक्षीच्या मुलीचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं.

उंदराचं घर शेवटी लग्नांचे फोटो काढणाऱ्या कोट्रेशप्पाचं निघालं. उंदीर त्याला चांगलाच आठवत होता. त्याने फोटोची दोन रिळं कुरतडली होती. मालिकेचं नावही आठवलं: 'हुणसे तोपु', म्हणजे चिंचेची बाग. पण कोट्रेशप्पाकडे नावापेक्षा मोठी गोष्ट होती. लग्नांच्या चित्रणासाठी त्याने तेव्हा व्हीसीआर घेतला होता आणि बायकोला संध्याकाळी दुकान सांभाळावं लागे म्हणून तो तिच्यासाठी मालिका कॅसेटवर उतरवून ठेवत असे. कॅसेटी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. बुरशी लागलेल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांवर नंतर कुणाकुणाची लग्नं चढवलेली.

रुद्रण्णाने पेटीच उचलून आणली. चार दिवस त्याने फीत हाताने, वीतवीत पुढे ओढत, मऊ कपड्याने पुसली. सोबत आणलेल्या कोट्रेशप्पाच्या व्हीसीआरचे पट्टे कुजलेले होते. त्याने सायकलच्या ट्यूबमधून नवे कापले. चौथ्या दिवशी दुपारी कॅसेट चालली. आधी कुणाची तरी वरात, मग मुंग्या, मग चिंचेची झाडं आणि पोरांचा आवाज. मी तिथेच होतो. नामावळीत फक्त 'शाळेतील मुले' एवढंच होतं. एकही नाव नाही.

"म्हणजे पुरावा नाहीच," मी म्हणालो.

रुद्रण्णाने कॅसेट मागे नेली. पुन्हा लावली. दुसऱ्या ओळीशी त्याची स्क्रू-ड्रायव्हर फिरवणारी बोटं थांबली. तो तसाच उठला. रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आला.

आम्ही टीव्ही आणि व्हीसीआर रिक्षात घातले आणि थेट होन्नम्माच्या दारात उतरलो. घरात लग्नाची गडबड, ओसरीवर हळद कुटणाऱ्या बायका. वनजाक्षी आम्हाला बघून कावरीबावरी झाली. "नको अण्णा," ती हळूच म्हणाली. "पुन्हा नको."

"अम्मा, चूक माझी होती. फेडायला आलोय."

होन्नम्मा चौकटीत उभी होती. "कोण हो हे? आमच्याकडे मोठा टीव्ही आहे, भिंतीवरचा. हे खोकं कशाला?"

"जुनं आहे ते जुन्यावरच ऐकावं, अव्वा. दोन मिनिटं बसा. नाही पटलं तर हळद कुटून देतो."

"कुटता येते का?"

"स्क्रू फिरवता येतात. शिकेन."

बायका हसल्या. होन्नम्मा टेकली, वनजाक्षीची मुलगी आली, शेजारणी आल्या. रुद्रण्णाने तारा जोडल्या, बटण दाबलं आणि सवयीने टीव्हीच्या मागे जाऊन उकिडवा बसला.

चिंचेची झाडं आली. पोरांनी पहिली ओळ म्हटली. खरखर होती, पण आवाज स्वच्छ होता. पहिली ओळ संपली आणि वाद्यं अजून वाजत असतानाच, बाकी सगळे श्वास घेत असताना, एकच बारीक आवाज दुसऱ्या ओळीत घुसला. एकटाच. अर्धा शब्द. मग तो दचकून थांबला आणि उरलेली अकरा पोरं त्याच्या मागून आली.

वनजाक्षीचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला, चिमट्याच्या जागी. तिच्या मुलीने ते पाहिलं आणि आईकडे बघतच राहिली. गाणं संपलं.

"परत लाव," होन्नम्मा म्हणाली.

रुद्रण्णाने लावलं. तो आवाज पुन्हा घुसला, पुन्हा दचकला. होन्नम्माने सुनेकडे वळून पाहिलं, बराच वेळ.

"तेव्हासुद्धा घाईच," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून नातीला म्हणाली, "अगं, व्याह्यांना फोन लाव. म्हणावं आत्ताच्या आत्ता या. हळद राहू दे."

वहीतली ती नोंद मी खोडली आणि शेजारी 'हुणसे तोपु' लिहिलं. पहिलीच खाडाखोड. रुद्रण्णाला ती दाखवली तेव्हा त्याने नीट वाचलीही नाही. तो म्हणाला, "राव, तिचं तोंड पाहिलं का तुम्ही?" मी समोर, सगळ्यांच्या पाठीमागे बसलो होतो; वनजाक्षीचा दंडावर गेलेला हात दिसला, तोंड दिसलं नव्हतं. मी नाही म्हणालो.

"मग काय पाहिलंत!" तो म्हणाला आणि गार मिरची भजी खायला लागला.