मुक्या कॉलची यादी

आमच्या लोअर परळच्या ऑफिसात चहाला बसलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. काम इंटरनेटवरचे फोन बसवून द्यायचं, पण निम्मा दिवस जातो राउटरशी भांडण्यात. काही राउटरमध्ये फोनला मदत म्हणून एक सेटिंग असतं. मदत कसली, कॉलचा पत्ताच ते मधल्यामध्ये बदलून टाकतं. मग कॉल तुटतो, नाहीतर एका बाजूचा आवाज गायब होतो.

भांडायला आमच्याकडे शुभदा आहे. लालबागची. आवाज चढवत नाही, पण हटतही नाही.

*

दादरच्या एका साडीच्या दुकानात प्रत्येक कॉल अर्ध्या मिनिटात तुटायचा. मालकांनी बरेच दिवस तक्रारच केली नाही, भराभर बोलायला शिकले. शुभदानं सेटिंग बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "ताई, पहिल्यासारखं करून द्या. विहीणबाई आता पाऊण तास बोलतात."

"काका, बंद केलेलं मी चालू करत नाही. विहीणबाईंचं तुम्ही बघा."

*

गिरगावातल्या एका दवाखान्याचा राउटर इंटरनेटवाल्यांचा होता आणि ते पासवर्ड देईनात. "राउटरमध्ये काही नाही मॅडम, फोन बदला."

शुभदा त्यांच्या ऑफिसात जाऊन बसली. "राउटर बरोबर आहे असं लेटरहेडवर लिहून द्या, लगेच जाते."

कोणी लिहून देईना. एक वाजता तिनं त्यांच्याच टेबलावर डबा उघडला. "सुकट आहे. चालेल ना एसीत?"

डबा संपायच्या आत पासवर्ड मिळाला.

*

अँटॉप हिलच्या एका रिटायर्ड साहेबांनी दारातच सांगितलं, "मुली, माझी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. तुम्हीच हे सेटिंग बंद करा."

त्यांनी केलं, फोन लागला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

शुभदानं रिपोर्टमध्ये लिहिलं : दुरुस्ती करणारे, ग्राहक स्वतः. सेटिंग चालू करणारेही तेच.

*

परळला एकट्यादुकट्या बायकांसाठी एक हेल्पलाइन चालते. नवा राउटर बसल्यापासून तिथे बरेच कॉल मुके यायचे. तिथल्या बायका हॅलो हॅलो करून ठेवून द्यायच्या आणि वहीत नंबरापुढे 'कोणी बोललं नाही' असं लिहायच्या. शुभदानं तपासलं. समोरची बाई बोलत होती, राउटर आवाज आत येऊ देत नव्हता. तिनं सेटिंग बंद केलं. आमच्या लेखी काम संपलं.

तिनं मात्र वहीतले सगळे नंबर उतरवून घेतले. "ह्यांना उलट फोन करायला हवा."

आमचे सर फोनवर म्हणाले, "शुभदा, हे आपलं काम नाही."

"मग आजची माझी रजा टाका."

हेल्पलाइनच्या एका कार्यकर्तीला शेजारी घेऊन ती तिथेच बसली. मी तिच्याबरोबर आलो होतो, मीही थांबलो. पाचव्या नंबरवर एक वयस्कर आवाज आला.

"मी बोलत होते हो. तुम्हीच हॅलो हॅलो करून ठेवलात. याहून मोठ्यानं मला बोलता येत नव्हतं."

"चूक आमच्याकडची होती, मावशी. आता नीट ऐकू येतंय. पहिल्यापासून सांगा."

शुभदानं फोन कानाशी घट्ट धरला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दार लावून येते."