आईची मशेरी सुटली तेव्हा

आमच्या घरी मशेरीला कोणी तंबाखू म्हणत नसे. तंबाखू पुरुषांची, चुना लावून मळायची, ओठाखाली दाबायची, पिचकारी मारायची. मशेरी बायकांची, दात घासायची. आई ती तव्यावर काळीकुट्ट भाजायची तेव्हा अख्ख्या घराला ठसका लागायचा, पण तरीही ती तंबाखू नव्हतीच.

म्हणून नांदेडच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी "मावशी, तंबाखू खाता का?" असं विचारलं, तेव्हा आईनं ताठ मानेनं सांगितलं, "न्हाई बाई. म्या तसलं कधी तोंडात घेतलं न्हाई." ती खोटं बोलत नव्हती. शेवटी मीच म्हणाले, "मशेरी लावते. उठल्यावर, जेवल्यावर, झोपताना." भर पंगतीत चुगली केल्यासारखं आईनं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी हिरडी दाबली तर पू आला. आईला बऱ्याच वर्षांपासून शुगर. शुगरनं हिरड्यांचं दुखणं बळावतं आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की शुगर आटोक्यात येत नाही, असं त्यांनी समजावलं. त्यात ही मशेरी. हिरडी ठणकली की आई आणखी मशेरी चोळायची, तोंड बधिर व्हायचं, आणि तिला वाटायचं, गुण आला. खालचे पुढचे दात काढावेच लागणार होते. बाकीचे वाचतील, पण मशेरी सुटली तरच.

आईला भोकरला भावाच्या घरी सोडायला निघाले, त्या बसमध्ये मी तिला वाट्टेल तसं बोलले. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. घरी गेल्यावर तिनं मशेरीची डबी स्वतःच उकिरड्यावर रिकामी केली.

पुढे ते दात काढले, हिरड्यांची सूज उतरली, शुगरही खाली आली. मी नांदेडला मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, आईचे बाकीचे दात मी वाचवले.

दिवाळीला भोकरला, भावाकडे गेले. सकाळी आई घरापुढच्या ओट्यावर ब्रश करत होती. आटपलं, चूळ भरली, तरी ती तिथंच बसून होती. मी म्हटलं, "मशेरीची आठवण येते का गं?"

"मशेरीची न्हाई," ती म्हणाली. "तोंडात मशेरी असली की बोलता येत न्हाई, म्हनून कोणी हाक मारत नव्हतं. सासू होती तवापासून. तेवढंच निवांत बसनं व्हायचं."

इतकी वर्षं मी तिला त्या ओट्यावर बसलेली बघत होते आणि मला फक्त तिचं काळं बोट दिसलं होतं. मी म्हटलं, "मग तशीच बस ना आई. मशेरी कशाला हवी?"

"रिकामी बसलेली बाई कोणाला बघवती?"

आतून भावानं चहासाठी हाक मारली. "आले," म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली.