कॅल्शियमच्या डबीचं वजन

मुलगी आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली, तेव्हा तिचा सरडा माझ्यावर सोपवून गेली. ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. बिअर्डेड ड्रॅगन जातीचा, चार वर्षांचा, शेपटीसकट एकोणीस इंच, वजन चारशे अठरा ग्रॅम. तिच्या एका मैत्रिणीने परदेशी जाताना तो दिला होता. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करी. मैलापूरच्या आमच्या इमारतीतल्या शेजारच्या मामी त्याला तमिळमध्ये ‘ताडिक्कारर’ म्हणत, म्हणजे दाढीवाले.

पूर्ण वाढलेल्या सरड्याला पाला जास्त आणि किडे कमी लागतात. मुलीने तक्ता आखून दिला होता. रोज सकाळी शेवग्याची पानं आणि लाल भोपळ्याचा कीस. बुधवारी आणि रविवारी आठ-आठ रातकिडे. रातकिडे पिशवीत घालायचे, त्यावर चिमूटभर कॅल्शियमची भुकटी टाकून पिशवी हलवायची, आणि पांढरे झालेले किडे त्याच्यापुढे सोडायचे. प्रत्येक खेपेला तक्त्यावर खूण आणि सही.

असे तक्ते आखायला तिला मीच शिकवलं होतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांची तपासणी हे माझं काम. पुरवठादाराने आकडे मोजून लिहिलेत की एका बैठकीत भरलेत, हे मला कागदावरूनच कळे. एका खोट्या आकड्यासाठी मी अख्खी खेप परत पाठवलेली आहे.

पहिले तीन आठवडे सगळं नीट केलं. मग श्रावण लागला. एरवी आम्ही मासे खातो, श्रावणात नाही. बुधवारी मी पिशवी हातात घेतली, तशी बायको म्हणाली, “अहो, श्रावणात घरात जीव मारणार?”

“मी कुठे मारतोय? तो खातोय.”

“आणि पिशवी कोण हलवतंय?”

मी पिशवी ठेवून दिली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या किड्यांचे पाय पिशवीला आतून खरडत, तो आवाज मला सोसत नसे. श्रावण नसता तर मी दुसरं काही शोधलं असतं. भुकटी एकदा पाल्यावर टाकून पाहिली. त्याने तोंड फिरवलं. मग तेही सोडलं.

रविवारी लँडलाइनवर मुलीचा फोन आला.

“बाबा, किडे खातोय ना?”

“खातोय की.”

“आणि पावडर?”

“तक्ता भरतोय मी.”

तेवढं खरं करायला म्हणून फोन ठेवल्यावर बुधवार आणि रविवार, दोन्ही चौकटी भरल्या. दुसरीसाठी निळं पेन ठेवून काळं घेतलं. पाच आठवड्यांत अशा दहा खुणा झाल्या. श्रावण चार आठवड्यांत संपला होता. शेवटच्या दोन खुणांना तेही कारण उरलं नव्हतं.

ती परत आली. सरड्याला हातावर घेताच म्हणाली, “याची बोटं थरथरतायत.” मी त्याचं रोज वजन करत होतो. चारशे सोळा होतं. बोटांकडे पाहायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याने जबडा हळूच दाबून पाहिला. हाडं मऊ होत असावीत, म्हणाले. मुलीने लगेच सांगितलं की चूक तिची आहे, सरड्याच्या पेटीतला अतिनील किरणांचा दिवा, ज्याच्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही, सहा महिन्यांनी बदलायचा असतो, तो तिच्याकडून राहून गेला. मग तिने माझा तक्ता पुढे केला. सोळा खुणा, सोळा सह्या. कॅल्शियम इतकं नियमित जाऊनही असं होत असेल, तर नुसत्या दिव्याला दोष देता येणार नाही, मूत्रपिंड तपासायला हवं, रक्त काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा बोलायला मला पुरेसा वेळ होता. त्यांनी सुई काढली, शेपटीखालची जागा पुसली, मुलीने त्याला उताणा धरला. मी तक्त्याची घडी घालत राहिलो. त्याने दाढी काळी केली आणि सुई आत गेली.

घरी आल्यावर तिने कॅल्शियमची डबी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. जाण्यापूर्वी तिने डबीच्या बुडाला वजन लिहून ठेवलं होतं, एकशे अठ्ठावीस ग्रॅम. एका खेपेला साधारण एक ग्रॅम जातो.

“बाबा, एकशे एकवीस. एकशे बारा हवं होतं.”

“श्रावण होता,” मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “तो संपून आठवडा झाला.”

मग मी सगळं सांगितलं, काळ्या पेनासकट. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि तमिळमध्ये सांगितलं, तक्त्यातल्या दहा नोंदी धरू नका. कोणी भरल्या ते सांगितलं नाही.

बोटांची थरथर थांबायला तीन महिने लागले.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा जावं लागलं. मला वाटलं, या वेळी मामींना सांगेल. तिने मलाच सांगितलं, पण तक्त्यात एक रकाना वाढवला होता: नव्या डबीचं वजन (सुरुवातीला एकशे तीस), दर रविवारी फोनवर कळवणे. आकडे खोटे निघालेल्या पुरवठादाराला मी असंच काहीतरी करायला लावत असे.

त्या मुक्कामातही श्रावण आला. मी पिशवी घेऊन गॅलरीत गेलो. बायको आत भाजी निवडत होती, तिने एकदा पाहिलं आणि पुढची जुडी घेतली. रविवारी फोन वाजला.

“एकशे चोवीस,” मी म्हणालो.

“थांबा बाबा, लिहून घेते.”